गवताचं उद्घाटन

माझ्या मेहुण्याकडे तीन अल्पाका आहेत. हे वाक्य मी कोर्टात शपथेवर सांगू शकतो. घरी पाहुण्यांना चहा देताना मात्र अजून सांगवत नाही. कारण लगेच प्रश्न येतो, "अल्पाका म्हणजे?" आणि मग मला हातवारे करून उंटाची मान, मेंढीचं अंग आणि मानपान न मिळालेल्या आत्याचा चेहरा असं सगळं एकाच प्राण्यात बसवून दाखवावं लागतं.

मेहुणा निखिल मूळचा पुण्याचा, आता हैदराबादेत कुकटपल्लीला राहतो आणि कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. त्याने लग्न केलेलं नाही, त्यामुळे त्याच्या डोक्यात आलेली कल्पना उंबऱ्यात अडवायला घरात कुणी नसतं. शहराबाहेर शंकरपल्लीच्या पुढे त्याने थोडी जमीन घेतली. त्या बाजूला लहान मुलांना प्राणी दाखवायचं एक पार्क होतं, ते बंद पडत होतं. निखिल तिथे 'नुसतं बघायला' गेला आणि तीन अल्पाका घेऊन आला. (आपण नुसते बघायला गेलो की फार तर टोमॅटो घेऊन येतो.) मी वकील असल्यामुळे कागदपत्रं तपासायचं काम माझ्याकडे आलं. ती सगळी चोख होती. या प्रकरणात माझ्या हातून नीट झालेलं काम ते एवढंच.

पुढची योजना अशी की तिघींची लोकर कापायची, सूत काढायचं आणि उबदार शाली विणायच्या. हैदराबादेत. जिथे जानेवारीत पंखा एकवर ठेवला की लोक थंडी वाजते म्हणून कौतुकाने एकमेकांना फोन करतात, तिथे. या दूरदृष्टीला शोभतील अशी नावंही त्याने ठेवली होती: रेशमा, मखमल आणि पश्मिना.

पाऊस ओसरल्यावर निखिलने जमिनीच्या एका तुकड्यात चांगलं गवत पेरलं, भोवती कुंपण घातलं आणि गवत पुरतं वाढेपर्यंत तिघींना शेडमध्ये सुक्या चाऱ्यावर ठेवलं. वसंतपंचमीला त्यांना पहिल्यांदा कुरणात सोडायचं ठरलं.

"भाऊजी, तुम्ही याच," तो फोनवर म्हणाला. "बंद जागेतून हिरव्या गवतावर सोडलं की ही जनावरं आनंदाने चारी पायांवर उड्या मारतात. परदेशात लोक पोराबाळांना घेऊन बघायला जातात."

आमचं घराणं चार पिढ्या हैदराबादेत आहे. सरकारी नोकरी, मास्तरकी आणि वकिली, एवढंच आम्ही केलं. गाय पाळलेला पूर्वज आमच्यात नाही. तेव्हा मी आठवडाभर फोनवर अल्पाकांचे व्हिडिओ पाहिले आणि त्यानंतर या विषयावर मत देऊ लागलो.

"अहो," बायको म्हणाली, "ओट्यावर मांजर आली तर तुम्ही मला हाक मारता."

"मांजर वेगळी. अल्पाका कळपातला प्राणी आहे. त्याला नेतृत्व लागतं."

शुभदाने माझ्याकडे पाहिलं आणि औक्षणाचं ताट घासायला घेतलं. ती निखिलची थोरली बहीण. तिचं म्हणणं, शुभकार्याला औक्षण हवंच, आणि भावाच्या आयुष्यात दुसरं शुभकार्य इतक्यात दिसत नाही. आमच्याबरोबर निघालेली तिसरी माझी आई. जन्म हैदराबादचा, त्यामुळे तिच्या मराठीत दखनी अशी मुरलेली की वेगळी काढता येत नाही. ती पिवळी साडी नेसून, घडीची खुर्ची काखेत मारून गाडीत बसली.

"उंटाच्या पोरांना गवत दाखवायला एवढ्या दूर?" ती म्हणाली. "कायकू परेशानी?"

"आई, उंट नाहीत. अल्पाका."

"मान पाहिली मी फोटोत. मला नको शिकवू."

(ती बरोबर होती. अल्पाका उंटाच्याच भावकीतला, हे मी व्हिडिओत ऐकलं होतं. पण शंकरपल्लीपर्यंतचा रस्ता लांब आहे. कबूल करून तो आणखी लांबवण्यात अर्थ नव्हता.)

शेतावर पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं आणि गवत खरोखर बघण्यासारखं होतं. निखिलने मला नियम सांगितले. ताजं गवत पहिल्या दिवशी अर्धा तासच द्यायचं, जास्त खाल्लं तर पोट फुगतं, आणि पोट फुगणं म्हणजे जिवावरचं दुखणं. अर्धा तास झाला की खुराकाची बादली वाजवायची, की त्या मागोमाग शेडमध्ये येतात.

"आणि भाऊजी, ते बाजूला निळं फाटक आहे ना, ते..."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सुट्टी होती, पण ऑफिसला ते कळवायचं राहिलं असावं. त्या शेतात रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की येते. निखिल कानाला हेडफोन लावून शिडीने वर गेला आणि निळ्या फाटकाचं वाक्य अर्धवट राहिलं.

"थांबू या का?" शुभदाने विचारलं.

"गरज नाही," मी म्हणालो. "मी आहे."

मी शेडचं दार उघडलं, फोनवर व्हिडिओ सुरू केला आणि उड्यांची वाट पाहत उभा राहिलो. तिघी दारात आल्या. गवताकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. आणि तिथेच उभ्या राहून "हंऽऽ, हंऽऽ" असं गुणगुणायला लागल्या.

"हे काय?" शुभदा म्हणाली.

"काळजीत असल्या की अल्पाका अशा गुणगुणतात."

"मला शिकवतील का विचारा. लग्न झाल्यापासून मला त्याची गरज आहे."

आई म्हणाली, पाहुण्यांनी बोलावल्याशिवाय कोण पुढे येतं, आधी औक्षण करा. शुभदा ताट घेऊन पुढे झाली. पण अल्पाकाच्या कपाळावर झिपऱ्या असतात आणि डोळे दोन बाजूंना. कुंकू कुठे लावायचं तेच कळेना. ती जागा शोधत असताना रेशमाने ताटातलं झेंडूचं फूल खाल्लं, मग अक्षता खाल्ल्या, आणि फुरफुरून निरांजन विझवलं. मखमल आणि पश्मिना जागच्या हलल्या नाहीत.

आता नेतृत्वाची वेळ आली होती. मी मागच्या बाजूने शेडमध्ये शिरलो. अल्पाकाला मागून ढकलू नये असं व्हिडिओत बजावून सांगितलं होतं, पण तो व्हिडिओ परदेशी होता. मी चालू फोन कॅमेरा बाहेर ठेवून शर्टाच्या खिशात अडकवला, मखमलच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि जोर लावला. तिने लांब मान वळवली, मला नीट पाहून घेतलं आणि थुंकली.

ज्यांच्यावर अल्पाका थुंकलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ती थुंकी नसते. पोटात अर्धवट पचलेला चारा खास तुमच्यासाठी वर मागवलेला असतो. रंग हिरवा. वासाबद्दल मी इथे काही लिहीत नाही, कारण हे लोक जेवतानाही वाचतील.

"पान खाल्लं होतं का रे तिने?" आईने खुर्चीतून विचारलं.

मी जी आरोळी ठोकली तिने मात्र काम केलं. तिघी उसळून बाहेर पडल्या आणि गवतावर पाय पडताच उडायला लागल्या. चारी पाय एकदम वर, एकदम खाली, मान ताठ, जणू जमिनीखालून कुणी रबर ताणून सोडतंय. रेशमा पुढे, मागे मखमल, आणि धाकटी पश्मिना त्यांच्यापेक्षाही उंच. आई टाळ्या वाजवत होती. शुभदा, जी पुण्याची असल्यामुळे सहसा कशाचंच कौतुक करत नाही, तीही हसत होती. इतकं निखळ सुख मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. त्याचा व्हिडिओ मात्र नाही. कॅमेऱ्यावर मखमलचा नाश्ता होता.

तेवढ्यात टाकीवर निखिल हात हलवताना दिसला. दोन्ही हात. आधी डोक्यावरून गोल, मग बाजूला झटकून, मग निळ्या फाटकाकडे लांबवून परत गोल. तोंडाने तो फोनमध्ये इंग्रजी बोलत होता.

"काय म्हणतोय?" शुभदा म्हणाली.

"फाटक उघडा म्हणतोय. तिकडे गवताचा दुसरा तुकडा असणार. यांना उड्यांना जागा कमी पडतेय."

"नक्की ना?"

"शुभदा, समोरच्याला काय म्हणायचंय ते ओळखणं हा माझा धंदा आहे."

मी निळं फाटक उघडलं.

पलीकडे गवताचा तुकडा नव्हता. एक कच्ची वाट होती, आणि वाटेच्या टोकाला शेजारचं फंक्शन गार्डन, म्हणजे लग्नासाठी भाड्याने देतात ते लॉन. तिथल्या हिरवळीला लग्नसराईमुळे रोज पाणी होतं. निखिलचं गवत तिच्यापुढे हॉटेलातल्या कोथिंबिरीसारखं. रेशमाने लांबून ते हेरलं आणि निघाली. तिच्यामागे मखमल. मखमलमागे पश्मिना. त्यांच्यामागे हिरव्या शर्टातला मी (सकाळी तो पांढरा होता), माझ्यामागे ताट घेऊन शुभदा, आणि सर्वांत मागे खुर्ची घेऊन आई, "माधू, पळू नक्को, पडशील," असं ओरडत.

गार्डनात तेलुगू लग्न होतं. वसंतपंचमीचा मुहूर्त, तेव्हा असणारच. केळीचे खांब, आंब्याची तोरणं, सनईचौघडा, रेशमी साड्या, आणि दारात फुलांची कमान. कमानीवर शेवंतीच्या फुलांत वधूचं आणि वराचं नाव लिहिलं होतं, सिंधू आणि प्रणीत. मी पोचेपर्यंत प्रणीत संपत आला होता.

मला खरी भीती वाटली ती वेगळीच. गार्डनचं पुढचं फाटक सताड उघडं होतं आणि ते थेट हायवेवर जात होतं. गाड्या आत येत होत्या. फुलं खाऊन झाली की पश्मिना त्या बाजूला चालायला लागली. मी धावत फाटकावरच्या सिक्युरिटीवाल्याकडे गेलो.

"गेट बंद करो, फौरन."

त्याने माझा शर्ट पाहिला, मग वास घेतला. "आप कौन?"

मी कोर्टातला आवाज काढला. "मैं हायकोर्ट का वकील हूँ."

"हौ," तो म्हणाला आणि एका गाडीला आत घ्यायला गेला.

तेवढ्यात लग्नाची व्यवस्था बघणारा तरुण हातात वॉकीटॉकी घेऊन माझ्या अंगावर आला. "क्या मियाँ, सुबू सुबू आओ बोले थे ना? बच्चे लोगां कब से पूछ रे, जानवरां किधर जानवरां किधर."

त्यांनी पाहुण्यांच्या मुलांसाठी कुणाकडून तरी ससे आणि बदकं मागवली होती, ती आलीच नव्हती. अल्पाका आल्या, तेव्हा त्याचा समज झाला की सशांवरून आपल्याला बढती मिळाली.

"मैं वो आदमी नहीं," मी सांगितलं. "मैं वकील हूँ."

"हाँ हाँ, हमारा केटरर भी इंजीनियर है. ये पहनो."

त्याने माझ्या गळ्यात एक लाल जाकीट अडकवलं. पाठीवर 'स्टाफ' असं लिहिलेलं. मी ते काढणार होतो, पण पश्मिना हायवेकडे निम्म्यात पोचली होती. मी तसाच वळून ओरडलो, "गेट बंद." सिक्युरिटीवाल्याने जाकीट पाहिलं आणि एका क्षणात फाटक बंद केलं. इतकी वर्षं अंगावर काळा गाऊन घालून मी लोकांना काही ना काही करायला सांगत आलोय. असा परिणाम कधी झाला नव्हता.

आता जनावरं धरायची होती. बादली अर्थातच शेतावर राहिली होती. त्या तरुणाने सजावटीतल्या तीन रंगीत दोऱ्या दिल्या, मी त्या तिघींच्या गळ्यात सैल अडकवल्या आणि तिन्ही टोकं मुठीत धरून हिरवळीच्या मध्ये उभा राहिलो. लगेच मुलांची रांग लागली. मागून त्यांच्या आया, आयांच्या मागून फोटोग्राफर. "भय्या, थोडा बाजू," तो मला म्हणाला, "तुम फ्रेम में आ रे."

मी मदतीसाठी घरच्यांकडे पाहिलं. आई वधूच्या आज्यांच्या मध्ये बसली होती, अंगावर गुलाबपाणी, केसांत मोगरा, हातात इडलीची बशी. शुभदाच्या हातातलं ताट कुणी आदराने काढून घेतलं होतं, निरांजन पुन्हा पेटलं होतं आणि पाचसहा बायका त्या ताटाने नवरदेवाला ओवाळत होत्या.

मग मुहूर्ताची घटका आली. वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात त्या क्षणी वाजंत्री सगळा जीव एकवटून वाजवतात. ढोल कडाडला आणि पश्मिना घाबरली. घाबरलेली अल्पाका ओरडते. आवाज साधारण असा, की गंजलेल्या दाराला गुदगुल्या केल्या तर येईल. सगळा मंडप मागे वळला. भटजी थांबले. वधूचा हात जिरं-गुळासकट नवरदेवाच्या डोक्यावर तसाच राहिला. मग ती हसायला लागली, तिला पाहून नवरदेव हसला, आणि मंडप हसला. मी पश्मिनाचा गळा चोळत "काही नाही, काही नाही" म्हणत होतो. मराठीत. तिला कुठलीच भाषा येत नाही, पण मला दुसरं काही सुचेना.

वधूचे वडील माझ्याकडे आले तेव्हा मी बचावाचं भाषण मनात तयार ठेवलं होतं.

"साब, माफी चाहता हूँ," मी म्हणालो. "आपके दामाद का नाम खा गए."

त्यांनी कमानीकडे पाहिलं. तिथे फक्त सिंधू उरली होती.

"मेरी बीवी कल से लड़ रही थी," ते हळू आवाजात म्हणाले, "कि हमारी बच्ची का नाम छोटा लिखे बोलके. अब बराबर हो गया." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "खाके जाना."

इथवर जे झालं ते मी पचवलं असतं. पण तेवढ्यात पाहुण्यांमधून एक उंच गृहस्थ आले. पांढराशुभ्र झब्बा, मागे अदबीने चालणारे दोन जण. ते आमच्या कोर्टातले न्यायमूर्ती होते. मी त्यांच्यासमोर वर्षानुवर्षं उभा राहिलोय, आणि सोमवारी माझा एक महत्त्वाचा अर्ज त्यांच्याच पुढे होता. मी रेशमाच्या मागे लपायचा प्रयत्न केला. रेशमा बाजूला झाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. ते आता काय म्हणतील, कोर्टाची अप्रतिष्ठा, पेशाची अप्रतिष्ठा, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

"ज़रा एक फोटो निकाल दीजिए," ते म्हणाले आणि त्यांनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला.

मी काढला. उभा एक, आडवा एक. साहेबांना पहिल्यात डोळे मिटलेले वाटले म्हणून आणखी एक. मखमलने ओठ हलवायला सुरुवात केली तेव्हा मी झटकन तिच्या तोंडापुढे स्वतःला उभं केलं आणि न्यायव्यवस्थेवरचं संकट छातीवर झेललं. जाकीट माझं नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं.

"जानवर अच्छे संभालते हो," न्यायमूर्ती फोन परत घेत म्हणाले. माझ्या कुठल्याही युक्तिवादाबद्दल त्यांनी आजवर एवढे शब्द खर्च केले नव्हते.

अखेर निखिलची मीटिंग संपली. तो हेडफोन गळ्यात, बादली हातात, धापा टाकत आला. बादलीतला खुराक एकदा खुळखुळला आणि तिघींनी माना वर केल्या. मी ओढलेल्या दोऱ्या, घातलेल्या विनवण्या, सगळं विसरून त्या गुणी लेकरांसारख्या त्याच्यामागे चालायला लागल्या. वऱ्हाडी मंडळींनी टाळ्या वाजवून निरोप दिला.

"भाऊजी, निळं फाटक का उघडलंत?" वाटेत निखिलने विचारलं. "ते उघडू नका हेच सांगत होतो मी."

"तूच टाकीवरून हात करत होतास. गोल, बाजूला, फाटकाकडे."

"गांधीलमाशी होती," निखिल म्हणाला. "डोक्याभोवती फिरत होती."

शुभदा गुणगुणायला लागली. "हंऽऽ, हंऽऽ."

निखिल जनावरांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलला. पोटावर लक्ष ठेवा, म्हणाले. निखिलचा चेहरा उतरला होता, आणि खरं सांगतो, त्या दुपारी मलाही विनोद सुचत नव्हता. त्या मूर्ख, देखण्या प्राण्यांना माझ्यामुळे काही झालं असतं तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती. आम्ही शेडबाहेर बसून एकेकीचं पोट चाचपत राहिलो. पण तिघी शांतपणे बसून रवंथ करत होत्या. एका नवरदेवाचं अख्खं नाव पचवून त्यांना ढेकरसुद्धा आला नाही. पोट बिघडलं ते माझं. वधूच्या वडिलांचा आग्रह, भरली वांगी आणि दोनदा घेतलेला डबल का मीठा.

सोमवारी मी गळ्यात पांढरा शुभ्र बँड, इस्त्रीचा गाऊन असा जामानिमा करून कोर्टात उभा राहिलो. साहेब काहीच ओळख दाखवणार नाहीत, हे मी मनाशी ठरवलं होतं. अर्जाचा पुकारा झाला. मी कोर्टाच्या इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. साहेबांनी हात वर करून मला थांबवलं आणि बराच वेळ माझ्याकडे निरखून पाहिलं.

"वकीलसाहेब, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय."

"इथेच, माय लॉर्ड," मी म्हणालो. "गेली बरीच वर्षं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नाही," ते म्हणाले. "इथे नाही."